हिंदुरावांच्या गाडीतली जागा

हिंदुरावांनी मला त्यांच्या गाडीत बसू दिलं नाही. एकदा नाही, अनेकदा. गाडी दहा माणसांची, उंच, रुंद, जुन्या धाटणीची. आमच्या गल्लीत वळायला लागली की चालणारी माणसं भिंतीला चिकटायची. त्या गाडीतून निम्मी सोसायटी हिंडून आली. माझी बायको मंदाकिनी तर रोज जायची. मी तेवढा राहिलो. उभा जन्म टपालखात्यात काढला, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, लोकांची पार्सलं तोलून देशभर पाठवली. पण शेजाऱ्याच्या गाडीतून मंडईपर्यंत जायची माझी लायकी नव्हती. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो.

आम्ही मूळचे कसबा पेठेतले. बिबवेवाडीत फ्लॅट घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, "म्हणजे पुणं सोडलंत." आमची इमारत उभी आहे ते हिंदुरावांचं ज्वारीचं रान. रान गेलं, तरी आमच्या कुंपणाला लागून त्यांनी घरापुरता तुकडा राखला होता. तीन खोल्या, पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये पूर्वी बैल असायचे, मग ही गाडी आली. दावणीचे खुंट त्यांनी काही उपटले नाहीत, त्यामुळे गाडी लावताना त्यांना दर वेळी ते चुकवावे लागत.

आम्ही पेठेतले लोक तुसडे म्हणून बदनाम, पण हिंदुरावांपुढे आम्ही गोडबोले ठरलो असतो. सोसायटीला पाणी त्यांच्या विहिरीचं. एका उन्हाळ्यात आमचे सेक्रेटरी दिगंबर त्यांच्याकडे गेले आणि पाणी का कमी येतंय म्हणून विचारलं. हिंदुराव म्हणाले, "विहिरीला इचारा." दिगंबर परत आले आणि त्यांनी टँकर मागवला.

त्यांची बायको मथुराबाई मात्र याच्या अगदी उलट. बोलायला माणूस मिळालं की हातातलं काम बाजूला. परसातल्या शेवग्याच्या पहिल्या शेंगा कुंपणावरून मंदाकिनीच्या हातात यायच्या. दसऱ्याला गाडीच्या पुढच्या पत्र्यावर हळदकुंकू वाहून त्या झेंडूची माळ घालायच्या, आणि मग दोघं नवराबायको फेरी मारायला निघायची. मथुराबाईंची जागा ठरलेली, मधल्या सीटवर डावीकडे खिडकीशी. तिथून त्या इमारतींकडे बोट दाखवून सांगायच्या, इथं आपली म्हस बसायची, इथं चिंच होती, इथं तुम्ही पडला होता. हिंदुराव काही बोलायचे नाहीत, पण गाडी हळू करायचे. मी ते पाहिलं आहे.

मग एका वर्षी मथुराबाईंची कंबर धरली. "वाताचं हाय," असं त्या म्हणायच्या. कुंपणापर्यंत यायच्या त्या येईनाशा झाल्या. आणि नेमकं त्याच सुमारास हिंदुरावांना गाडीचं वेड लागलं.

आधी चारी टायर नवे घातले. मग त्यांतली हवा कमी केली. मग सगळे शॉकॲब्सॉर्बर बदलले. या गाड्यांच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चवड असते, सगळा बोजा तिच्यावर. त्या चवडीतला एक पाटा त्यांनी काढून टाकला. त्यानं गाडी मऊ झाली म्हणतात, पण स्पीडब्रेकरवर तिचं बूड आपटायला लागलं, म्हणून पाटा परत घातला. शेवटी पिंजाऱ्याला बोलावून मधल्या सीटसाठी कापसाची जाड गादी करून घेतली. ती इतकी जाड झाली की बसणाऱ्याचं डोकं छताला लागे. हे सगळं मी आमच्या गॅलरीतून बघत असे. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? बायको अंथरुणाला खिळायला आली आणि हा गृहस्थ गाडी नटवतोय, असं माझं मत झालं होतं आणि ते मी कुणापासून लपवलं नव्हतं.

एके दिवशी तर कहर झाला. हिंदुरावांनी पितळी तांब्या काठोकाठ भरून मधल्या सीटवर ठेवला, भोवती फडक्याची चुंबळ केली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरवरून गाडी नेली. मग उतरले, मागचं दार उघडलं आणि सीटवर हात फिरवून पाहिला. सीट ओली. त्यांनी तांब्या पुन्हा भरला. पुन्हा गाडी गेली, पुन्हा आली, पुन्हा हात फिरला. असं बराच वेळ चाललं. शेवटी मला राहवेना. मी वरून विचारलं, "हिंदुराव, गाडीला अभिषेक चाललाय का?"

त्यांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ओला हात तसाच धरून ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी काय बोललो ते त्यांना कळलंच नव्हतं. मी आत आलो आणि मंदाकिनीला म्हणालो, त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय.

आणि त्यानंतर हिंदुराव एकाएकी दानशूर झाले. मथुराबाईंना रोज शेक द्यायला गावातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. हिंदुराव सकाळी सोसायटीच्या दारात गाडी उभी करायचे आणि म्हणायचे, "गावात जातोय. मंडईत सोडतो, परत आनतो. चला." जो माणूस विहिरीला विचारा म्हणाला होता, तो आता लोकांना दार उघडून देत होता. सगळे थक्क झाले. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे थक्क होणं फार वेळ टिकलं नाही. "नगरसेवक व्हायचंय," असा निकाल दिगंबरांनी दिला आणि दुसऱ्या दिवशी तेच पहिले जाऊन गाडीत बसले. फुकट मिळतंय त्याचा आमच्याकडे लाभ आधी घेतात, संशय मागाहून.

रोज जाणारी मंडळी ठरून गेली. दिगंबर, तळमजल्यावरच्या श्यामलाबाई, पिठाच्या गिरणीवाला मच्छिंद्र आणि आमची मंदाकिनी. मंदाकिनी अंगानं भरलेली आहे. हे ती वाचणार आहे, म्हणून एवढंच. या चौघांना हिंदुराव नेहमी अगदी मागच्या आडव्या बाकांवर बसवायचे. मंदाकिनीला ते जरा लागायचं. "मथुराबाईंच्या शेजारची जागा रिकामी असते, पण मला मागेच धाडतात," ती म्हणायची. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. मंडई वाटेत आधी लागते, तरी हिंदुराव आधी दवाखाना गाठत, मथुराबाईंना उतरवत आणि मग उलटं वळून यांना मंडईत सोडत. परत येताना आधी यांना गोळा करत, मग मथुराबाईंना घेत. "खेडवळ माणूस, त्याला रस्त्यांचा हिशेब कळत नाही," असं मी म्हणालो.

मी पहिल्यांदा पिशवी घेऊन खाली गेलो तेव्हा हिंदुराव म्हणाले, "गाडी भरली, मास्तर." मधली अर्धी सीट रिकामी मला दिसत होती. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुम्ही उद्या या." उद्या गेलो, तर गाडी जरा लवकरच निघून गेलेली. मग मला हट्ट चढला. श्यामलाबाई लेकीकडे कर्वेनगरला राहायला गेल्या, त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी दारात उभा राहिलो. मथुराबाई आपल्या जागेवर उशांच्या आधारानं बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. हिंदुरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बाजारात लोक बैलाला असंच बघतात.

"मास्तर, तुम्ही ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. आणि रस्ता ओलांडून गेले, मच्छिंद्रच्या गिरणीतून त्याच्या थोरल्या भावाला, संपतला, घेऊन आले. संपतला मंडईत काही काम नव्हतं. तो मच्छिंद्रहून रुंद. अंगावर पीठ तसंच, तो गाडीत चढला आणि गाडी गेली. मी इस्त्रीच्या सदऱ्यात उभा. वॉचमन माझ्याकडे बघत होता, हे मला पाठीमागूनही कळत होतं. सत्तरीला आलेल्या माणसाला इतकं उघड कुणी नाकारेल, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

त्याच दुपारी मी त्यांच्या शेडमध्ये गेलो. मथुराबाई आत झोपल्या होत्या. हिंदुराव गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते.

"हिंदुराव, एकदा काय ते स्पष्ट सांगा. माझं काय चुकलं?"

"काय न्हाय."

"मग मच्छिंद्र चालतो, त्याचा भाऊ चालतो, मीच कसा चालत नाही?"

त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. मग उठून मला गाडीच्या पलीकडे नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "मास्तर, तुम्ही भरता किती?"

"म्हणजे?"

"काट्यावर."

"असेन पन्नास किलो. त्याचं काय?"

"संपत शंभराला टेकलाय. तुम्ही बसला तर जागा जाती आन् वजन येत न्हाय."

हा माणूस माझी थट्टा करतोय असं मला वाटलं. मी तोंड उघडणार तोच ते बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"हिला वात न्हाय, मास्तर. हाडात कॅन्सर हाय. डॉक्टर म्हनले, मनके आतनं पार भुसभुशीत झालेत. शेक म्हंजे किरनांचा, त्यो रोज द्यायचा, पन एक जोराचा दनका बसला तर मनका मोडंल आन् मग ही जागची उठायची न्हाय. पुतन्याची नवी गाडी आनली. ती बुटकी. वाकून आत शिरताना ही वरडली ती घरात ऐकू आली. ॲम्ब्युलन्स म्हनलं, तर हात जोडून म्हनली, त्यातनं गेलेली मान्सं परत आल्याली मी बघितली न्हाईत. म्हनून हीच गाडी. उंच हाय, उभ्या उभ्या टेकता येतं. पन उडती. काय काय केलं तुम्ही बघितलंच. शेवटाला भाचीच्या लग्नाला गेलो तवा गाडीत दहा जनं कोंबली होती आन् ही चक्क झोपली. तवा डोक्यात आलं. रिकामी बैलगाडी उडती. भरली का गुमान चालती. हे मला जन्मापासनं ठाऊक आन् वरीसभर सुचलं न्हाय."

"मग पोती टाकायची," मी म्हणालो.

"टाकली की. वाळूची टाकली. तर म्हनली, मला काय माल म्हनून न्हेताय का? पोती बघून रडली. मान्सं आली का ती हासती, बोलती. तांब्या ठिवून बघितलं, तुम्ही सगळी बसल्यावर थेंब सांडत न्हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सगळी म्हंजे, ती सगळी."

"त्यांना माहीत आहे? आजाराचं?"

"कुनालाच न्हाय. हिला बी न्हाय. मान्सं वजनाला भरतोय हे हिला कळलं तर ही गाडीत पाय ठिवायची न्हाय. तुम्ही बोलू नका."

मी बैलाच्या खुंटावर हात टेकून खाली बसलो. वरच्या गॅलरीतून मी त्या माणसाला अभिषेकाचं विचारलं होतं आणि तो हातानं सीट चाचपून बघत होता, की या खड्ड्यांतून आपल्या बायकोचा कणा वाचेल की नाही. बोलू नका म्हणाले, मी नाही बोलणार म्हणालो. मग घरी गेलो आणि मंदाकिनीला सांगितलं.

ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "म्हणजे मी पोतं?" ती म्हणाली. रोज मथुराबाई तिला म्हणायच्या, मंदाताई, तुमच्यामुळं रस्ता कळत नाही. ते तिनं चार ठिकाणी कौतुकानं सांगितलं होतं. ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि मला वाटलं, झालं, आता ही काही उद्या जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर निघाली. दारात ठेवलेली तिची पिशवी उचलून द्यायला गेलो तर मीच पुढे झुकलो. आत पाट्याचा वरवंटा होता आणि माझ्या आईचा लोखंडी खलबत्ता.

"हे काय?"

"तुम्ही यात पडू नका," ती म्हणाली.

तिनं श्यामलाबाईंना सांगितलं असणार, कारण परत आल्यावर त्या नारळांची पिशवी घेऊन जायला लागल्या आणि तीच पिशवी परत आणायला लागल्या. दिगंबर मुलाच्या व्यायामाची लोखंडी वजनं कागदात गुंडाळून नेत. मच्छिंद्र गव्हाचं पोतं घेऊन चढे, "गिऱ्हाइकाचं पोचवायचंय" म्हणे, आणि ते गिऱ्हाईक कधीच घरी नसे. यावर कुणी कुणाशी एक अक्षर बोललं नाही. जिन्यात भेटले तरी पाण्याच्या वेळेबद्दलच बोलत. निवडणुकीचा विषय आपोआप बंद झाला. एकदा मथुराबाईंनी मागे वळायचा प्रयत्न करत विचारलं, "मंदाताई, रोज रोज काय एवढा बाजार?" मंदाकिनी म्हणाली, "आमच्याकडे खाणारं तोंड फार मोठं आहे हो." खाणारा मी. मथुराबाई हसल्या, आणि हसताना त्यांना कळ आली नाही, असं मंदाकिनीनं मला घरी येऊन तीनदा सांगितलं.

एका सकाळी हिंदुरावांनी मागची चाकं बघितली, त्यांच्यावर दबलेली गाडी बघितली आणि मग मान वर करून आमच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. "तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाय, मास्तर," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

शेक संपला. मथुराबाई काठी न घेता कुंपणापर्यंत आल्या, शेवग्याच्या शेंगा आल्या. आम्ही सगळे मनातून फुशारून गेलो होतो, जसं काही ते आमच्याच वजनानं झालं. डॉक्टरांनी भीती घातली होती ते शेवटपर्यंत झालं नाही, मणका मोडला नाही. पण आजार तिथे थांबणारा नव्हता. दिवाळीनंतर तो छातीत उतरला आणि एका सकाळी शेडमधून भाऊबंदांचे आवाज आले. मी गॅलरीत गेलो तर हिंदुराव त्यांच्यापासून बाजूला, गाडीचं मागचं दार उघडून उभे होते. मंदाकिनीला सांगायला मी वळलो, ती माझ्या मागेच उभी होती. कालच तिनं मथुराबाईंची वेणी घालून दिली होती.

महापालिकेची शववाहिनी आली. भाऊबंद तिरडी उचलायला वाकले. हिंदुराव शववाहिनीच्या मागे गेले, खाली वाकून तिचे पाटे बघितले आणि म्हणाले, "हिच्यात न्हाय." वडीलधारे समजावायला लागले. आता तिला काय दणका लागणार आहे, असंही एक जण म्हणाला. हिंदुरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आपल्या गाडीची मधली सीट पाडली, पिंजाऱ्याकडून केलेली गादी अंथरली आणि मथुराबाईंना तिच्यावर ठेवायला लावलं. मग ते आमच्याकडे वळले.

"बसा," ते म्हणाले. "आपापल्या जागी."

दिगंबर आणि मच्छिंद्र चढले. मंदाकिनी आणि श्यामलाबाई पुढे झाल्या तसे भाऊबंद दचकले. त्यांच्यात बायका स्मशानात जात नाहीत. "हिंदुराव, बाया कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"त्या त्यांच्या जागा हायेत," ते म्हणाले. दोघी चढल्या. गाडी दुसऱ्यानं चालवावी म्हणून पुतण्यानं हात पुढे केला, तर किल्ली घट्ट धरून म्हणाले, "खड्डे मला पाठ हायेत."

मी शेडच्या खांबाशी उभा होतो. हिंदुराव चालकाच्या दारापर्यंत गेले, मागची चाकं बघितली आणि परत आले.

"मास्तर, तुम्ही बी चढा."

मला नीट ऐकू आलं की नाही ते कळेना.

"तिचं असं काय वजन राह्यलं न्हाय," ते म्हणाले. "तेवढं तुमचं भरंल."

मच्छिंद्रनं सरकून जागा केली. मी मागच्या बाकावर, चाकाच्या बरोबर वर बसलो. समोर मंदाकिनी, मांडीवर तीच पिशवी. ती तिनं कधी उचलून आणली ते मला कळलं नव्हतं. आमच्या पायांमध्ये मथुराबाई. गाडी खुंट चुकवून बाहेर पडली आणि गल्लीच्या तोंडाशी आली. स्पीडब्रेकरच्या अलीकडे हिंदुरावांनी ती जवळजवळ थांबवली. मागे हॉर्न वाजत होते. आम्ही सगळ्यांनी बाकाच्या कडा धरल्या, आणि माझ्यात होतं नव्हतं तेवढं वजन मी खाली दाबून बसलो.